'पूर्वी खेडी स्वयंपूर्ण होती' : हे वाक्य पेणच्या बाजारात तपासून बघू



इतिहासाच्या किंवा अर्थशास्त्राच्या तासाला एक वाक्य हमखास येतं : पूर्वी खेडी स्वयंपूर्ण होती. मुलं ते पाठ करतात, 'कारणे द्या'मध्ये लिहितात, दोन गुण मिळवतात आणि विसरतात. त्याला जोडूनच दुसरं वाक्य येतं, व्यापार गेला की शहराचा ऱ्हास होतो. दोन्ही वाक्यं खोटी नाहीत, पण दोन्ही फार घाईत सांगितली जातात. आपण ज्या तालुक्यात राहतो तिथे व्यापार होता, तो गेला, गाव मात्र राहिलं. मग ही दोन वाक्यं इथेच तपासून बघायला काय हरकत आहे?

हा पाठ मी सातवी ते नववीच्या मुलांसाठी तीन तासिकांत घेते. पालकांनी घरीही करून बघावा, साहित्य काहीच लागत नाही.

पहिली तासिका : स्वयंपाकघराची यादी

मुलांना वहीत दहा वस्तू लिहायला सांगा : तांदूळ, मीठ, तेल, तूरडाळ, वाल, गूळ, मिरची, कांदा, मासळी, चहा. समोर दोन रकाने. पहिल्यात 'आज कुठून येतं', दुसऱ्यात 'आजी-आजोबांच्या लहानपणी कुठून यायचं'. दुसरा रकाना घरी विचारूनच भरायचा, अंदाजाने नाही.

पहिला रकाना भराभर भरतो. भाजी वाशी मार्केटची (आपल्या तालुक्यातलं वाशी नव्हे, नवी मुंबईतलं. खारेपाटातली मुलं इथे हटकून हसतात), तेल पिशवीतलं, मीठ कंपनीचं. मिठागरं ज्या तालुक्यात होती तिथल्या घरात पाकिटातलं मीठ, हे मुलांनी स्वतः लिहिलं की त्यांना आपोआप विचित्र वाटतं. आपण काही बोलायची गरज नाही.

खरी गंमत दुसऱ्या रकान्यात आहे. तांदूळ घरचा, वाल घरचे, मासळी खाडीची, मीठ जवळच्या आगरातलं. इथपर्यंत सगळं 'स्वयंपूर्ण'. पण तूरडाळ? गूळ? लाल मिरची? घाटावरची. कपडा? बाजारातला. म्हणजे आजोबांच्या लहानपणीही घर पूर्ण स्वयंपूर्ण नव्हतं. कोकणात भात भरपूर, डाळ कमी. घाटावर ज्वारी-डाळ आहे, पण समुद्र नाही, म्हणून मीठ नाही. एका बाजूची कमतरता ही दुसऱ्या बाजूची गिऱ्हाइकी. या देवाणघेवाणीच्या वाटेवर जे गाव बसलं ते पेण.

जुन्या मराठीत 'पेणे' म्हणजे प्रवासातला टप्पा, मुक्काम. गावाचं नाव त्यावरूनच पडलं का, हा वाद भाषेच्या अभ्यासकांवर सोडू. पण अर्थ गावाला चपखल बसतो. खोपोलीमार्गे बोरघाट उतरून आलेला माल इथे थांबायचा आणि गावाजवळच्या अंतोरे बंदरातून भोगावती नदी, मग धरमतरची खाडी, मग मुंबई असा जायचा. उलट दिशेने तांदूळ आणि मीठ बैलांच्या पाठीवर घाट चढायचं.

भरतीचं गणित

अंतोरे हे खोल पाण्याचं बंदर नव्हतं. गलबत यायचं ते भरतीच्या पाण्यावर आणि निघायचं तेही भरती बघूनच. त्यामुळे बाजाराचं घड्याळ खाडीत होतं. इथे गणिताच्या शिक्षकांनी पाच मिनिटं मागून घ्यावीत. आपल्या किनाऱ्यावर कोळी बांधव भरतीची वेळ तिथीवरून काढतात : तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, साधारण तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या आसपास. खाडीत आतवर पाणी पोचायला थोडा वेळ जास्त लागतो, तो धरायचा. मुलांना कॅलेंडर देऊन आठवडाभराच्या वेळा काढायला लावा आणि विचारा : तुम्ही तांदळाचे व्यापारी आहात, बैल घाटावरून निघून चार दिवसांत येणार आहेत, गोण्या कधी बंदरावर न्याल? अपूर्णांक इतक्या आवडीने करताना मी वर्गाला दुसऱ्या कुठल्या पाठात पाहिलेलं नाही.

यातून एक गोष्ट मुलांच्या लक्षात येते. व्यापारी गाव म्हणजे फक्त दुकानं नव्हेत. गलबताचा तांडेल, गोण्या वाहणारे, बैलांचा तांडा घेऊन येणारे वंजारी, मिठागरात राबणारे आगरी, बैलांना वैरण विकणारे, उधारी सांभाळणारी पेढी, घाण्यावर तेल काढणारे. तेल काढणाऱ्यांमध्ये बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडचे यहुदी लोकही होते. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, चेऊलकर ही त्यांची आडनावं. त्यातले बहुतेक आधी मुंबईला आणि पुढे इस्रायलला गेले. पेणला त्यांचं प्रार्थनास्थळ अजून आहे. गाव सोडून गेलेल्यांनी गावाचं नाव सोबत नेलं, हे मुलांना सांगताना मला बरं वाटतं.

व्यापार गेला कसा?

१८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, तेव्हा घाटाखालच्या बंदरांची चांदी झाली. त्यानंतर ३३ वर्षांनी, १८६३ मध्ये, त्याच घाटातून आगगाडी सुरू झाली आणि घाटावरचा माल डब्यात बसून सरळ मुंबईत उतरू लागला. पनवेल, पेण या टप्प्यांवर थांबायचं त्याला कारणच उरलं नाही. नकाशावर ही रेघ मुलांकडून काढून घ्या. पुणे-खंडाळा-कर्जत-कल्याण-मुंबई. आता विचारा, या रेघेत पेण कुठे आहे? कुठेच नाही. बाजारपेठ ओस पडायला आग लागावी लागत नाही, लढाई व्हावी लागत नाही. रेघ दुसरीकडून गेली की पुरतं.

अर्थात हे एका रात्रीत झालं नाही. तांदूळ-मीठ जात राहिलं, धरमतरपर्यंत मुंबईची आगबोट येत राहिली, पुढे महामार्ग आला, १९८६ मध्ये रेल्वे रोह्यापर्यंत पोचली. पण तोपर्यंत दुसरी एक गोष्ट घडून गेली होती, आणि माझ्या मते या पाठाचा गाभा तोच आहे. भाव ठरण्याची जागा बदलली. बाजार गावात होता तेव्हा पेढीवर बसलेला माणूस खाडीकडे आणि घाटाकडे बघून भाव काढायचा. नंतर मुंबईत निघालेला भाव इथे कळवला जाऊ लागला. दुकानं होती, माल होता, गिऱ्हाईक होतं. ठरवणं गेलं.

थोडं चौलकडे

हा प्रकार पेणपुरता आहे असं मुलांना वाटू नये म्हणून दुसऱ्या तासिकेला मी चौल घेते. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका जिथे समुद्राला मिळते तिथे रेवदंडा आणि चौल. पेणपेक्षा कितीतरी पटीने मोठं आणि जुनं बंदर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक लेखनात या बंदराचा उल्लेख आहे, अरब प्रवासी त्याला सैमूर म्हणत, पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी इथेच उतरला. घोडे यायचे, कापड जायचं. १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी रेवदंड्याला किल्ला बांधायला घेतला, १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला.

पण तोवर उत्तरेला मुंबई उभी राहत होती. १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेली आणि चौलचे विणकर त्याच शतकात तिकडे जाऊन वसले. इथे फळ्यावर मोठं लिहा : आधी माल नाही गेला, आधी हात गेले. कारागीर गेल्यावर बंदराकडे विकायला काय राहणार?

आज चौलला गेलात तर नारळी-पोफळीच्या वाड्या दिसतात. विहीर, पाट, गर्द सावली, केळी, फणस. शहरातून आलेले पाहुणे म्हणतात, 'किती स्वयंपूर्ण जीवन आहे हो इथे!' मुलांना विचारा, सुपारी कोण खातं? वाडीवाला स्वतःची सगळी सुपारी खातो का? ती बाजारातच जाते. म्हणजे वाडीही बाजाराशी बांधलेलीच आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धनपासून अलिबागपर्यंत माडा-पोफळींचे खांब आडवे झाले, तेव्हा हे सगळ्यांनाच कळलं. नव्या माडाला फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. तोवर घर चालवायचं कशावर? व्यापारी शहराची वाडी झाली, हे खरं. पण ती वाडी निवडलेली नव्हती, ती उरलेली होती. या दोन शब्दांतला फरक वर्गाला समजला तर पाठ अर्धा झाला.

खाडीपलीकडच्या कोर्लईत आजही पोर्तुगीज वळणाची एक बोली बोलली जाते. व्यापार संपून शतकं उलटली तरी भाषा टिकली. भाषेच्या तासाला वापरण्यासारखं आहे, इथे फार थांबत नाही.

भात आहे, पण कुणाच्या घरी?

आता परत आपल्या बाजूला. बंदराचं महत्त्व उतरल्यावर पेणला आधार राहिला भाताचा. आपला खारेपाट म्हणजे खाडीकडून मिळवलेली जमीन. मातीचा बांध घालून खारं पाणी बाहेर ठेवायचं, पावसाचं गोडं पाणी आत धरायचं आणि जादा पाणी ओहोटीला उघाडीतून सोडायचं. बांधाला खांड पडली आणि खारं पाणी शिरलं की ते एक पीक तर जातंच, माती गोडी व्हायलाही पुढचे पावसाळे जावे लागतात. शेजाऱ्याच्या हद्दीतला बांध फुटला तरी पाणी माझ्या शेतात येतं. म्हणून बांधाचं काम एकट्याचं नसतं, सगळ्या गावाचं असतं. 'स्वयंपूर्ण' या शब्दातला 'स्वयं' इथे कधीच एकवचनी नव्हता.

मग भात पिकवणारं गाव पोटभर जेवायचं का? शेजारच्या अलिबाग तालुक्यातल्या चरीचा संप इथे सांगायलाच हवा. १९३३ ते १९३९ अशी जवळपास सहा वर्षं चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला. पिकवणाऱ्याच्या वाट्याला पुरेसं धान्य राहत नव्हतं, म्हणून शेत पडीक ठेवण्याची वेळ आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना पाठिंबा दिला. पुढे झालेल्या कूळकायद्याच्या वाटेवरचा हा मोठा टप्पा. गावाच्या हिशेबात धान्य पुरेसं होतं, घराच्या हिशेबात नव्हतं. स्वयंपूर्ण 'खेडं' म्हणताना खेड्यातलं कुठलं घर, हा प्रश्न मुलांना विचारायची सवय लागली पाहिजे. डोंगराकडच्या कातकरी वाड्यांमधून आपल्या वर्गात मुलं येतात आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात म्हणून हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे गैरहजेरी लागते. त्यांच्या पूर्वजांचा कात काढण्याचा धंदा जंगलावरचा हक्क गेल्यावर संपला. त्यांच्यासमोर 'पूर्वीची खेडी स्वयंपूर्ण होती' हे वाक्य वाचताना माझा आवाज जरा खाली येतो.

याच तालुक्यातल्या गागोद्याला ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबांचा जन्म झाला. स्वयंपूर्णता शब्दाला त्यांच्याइतकं गंभीरपणे घेणारे थोडेच. १९५० च्या सुमारास पवनारच्या आश्रमात त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग केला. पैसा वापरायचा नाही, स्वतःच्या श्रमावर जगायचं. विहीर खणली, रहाट हातांनी फिरवला, भाजी पिकवली. मुलांना हा प्रयोग सांगितला की कोणीतरी विचारतंच, 'मॅडम, मीठ कुठून आणलं? वर्ध्याला समुद्र नाही.' पेणच्या मुलालाच सुचेल असा प्रश्न आहे हा! उत्तर लगेच देऊ नका. चर्चा होऊ द्या. विनोबांचा आग्रह सगळं एका कुंपणात पिकवण्यापेक्षा, आपलं जगणं दुसऱ्याच्या हातात जाऊ नये यासाठी होता, असं मला वाटतं. मुलं वेगळ्या निष्कर्षाला आली तर येऊ द्या.

गणपती, पोहे आणि एक बँक

तिसरी तासिका आजच्या पेणची. बंदराने सोडलेली जागा हळूहळू हाताच्या कामाने भरली. पोह्यांच्या गिरण्या, पोह्याचे पापड, मिरगुंडं आणि अर्थातच गणपती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी देवधर घराण्याने सुरू केलेलं मूर्तिकाम आता हमरापूर, जोहे, कळवे या गावांपर्यंत पसरलं आहे. दादरच्या दुकानातून न्यू जर्सीच्या घरापर्यंत पेणचा गणपती जातो. आखणी, म्हणजे डोळ्यांची रंगकामातली शेवटची कलाकुसर, करणारे हात इथले आहेत. चौलचे विणकर गेले तसे हे गेलेले नाहीत.

पण शाडू कुठून येतो? गुजरातमधून. प्लास्टर? राजस्थानातून. रंग मुंबईहून. वर्षभराची कमाई एका सणावर. २०२० च्या जुलैत करोनामुळे सरकारने सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची आणि घरच्या मूर्तीला दोन फुटांची मर्यादा घातली, तेव्हा मोठ्या मूर्ती बऱ्याच ठिकाणी तयार होऊन उभ्या होत्या. प्लास्टरच्या मूर्तींचं काय करायचं हा प्रश्न तर गेली काही वर्षं मंडळं आणि न्यायालयांतून फिरतो आहे. पर्यावरणाची बाजू बरोबर आहे, मी ती मुलांना शिकवते. पण निर्णयाची तारीख आणि कारखान्याचं वेळापत्रक यांची गाठ कुणी घालून देत नाही, हेही शिकवते. कारण वर्गात बसलेल्या निम्म्या मुलांची उन्हाळ्याची सुट्टी कारखान्यात जाते.

गावचा पैसा गावात राहावा यासाठी सहकारी बँक असते. हा धडा पेणला फार महाग पडला. सप्टेंबर २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि सुमारे दोन लाख ठेवीदारांचे पैसे अडकले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं बालपण शेजारच्या रोह्यात गेलं, हा योगायोग मुलांना नेहमी लक्षात राहतो. हा विषय वर्गात काढताना जपून. ज्यांच्या आजोबांची ठेव गेली अशी मुलं समोर असतात. आकडे सांगा, ठेव-कर्ज-लेखापरीक्षण हे शब्द समजावून द्या, घरच्या गोष्टी वर्गात विचारू नका.

आणि मग २१ सप्टेंबर २००८. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी द्यायच्या की नाहीत यावर पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत शेतकऱ्यांचं मतदान घेतलं गेलं. उद्योगासाठी जमीन द्यावी का, असं शेतकऱ्यांना मतपेटीतून विचारण्याचे प्रसंग देशात फार नाहीत. कल विरोधात असल्याचं तेव्हा सर्वत्र छापून आलं, आणि ते क्षेत्र पुढे झालं नाही. तो निर्णय बरोबर होता की चुकला, यावर घराघरांत आजही दोन मतं आहेत, आणि हेटवण्याचं पाणी नवी मुंबईला जात असताना खारेपाटातल्या बायका हंडे घेऊन उभ्या राहतात हेही खरं आहे. पण रेघ कुठून जावी, हे त्या दिवशी इथल्या लोकांना विचारलं गेलं. १८६३ मध्ये कुणी विचारलं नव्हतं. वर्गात वादविवाद घ्यायचा असेल तर यावर घ्या, दोन्ही बाजूंची तयारी मुलांना घरी विचारूनच करू द्या.

शेवटचा उपक्रम

धरमतरच्या पुलावरून जाताना खाडीत बघायला सांगा. मोठे बार्ज दिसतील. डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी खनिज आणि कोळसा घेऊन ते धक्क्याला लागतात. जिथून एकेकाळी मिठाची आणि तांदळाची गलबतं जायची त्याच खाडीत, त्याच भरती-ओहोटीच्या पाण्यात. मुलांनी वहीत दोन चित्रं काढायची : एक गलबत, एक बार्ज. प्रत्येकाभोवती त्याच्यावर पोट असलेल्या माणसांची नावं लिहायची, जेवढी सुचतील तेवढी. भाव कोण ठरवतं, हे वर कोपऱ्यात लिहायचं. मागच्या वर्षी एका मुलीने गलबताभोवती सतरा धंदे लिहिले. बार्जभोवती चार लिहून थांबली, मग पाचवा लिहिला : 'माझे बाबा, कंत्राटी'. कोपरा तिने रिकामा ठेवला आणि विचारलं, 'मॅडम, हे कुणाला विचारू?'